मग पुढे काय झालं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. कपाटभर पुस्तकं आणली, पण रोज रात्री तिला चिऊ-काऊचीच गोष्ट लागते. 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' हे वाक्य गाळलं तरी लगेच पकडते. तिचं काही अडलंय का? (पुणे)

तिचं काही अडलेलं नाही. कंटाळलेल्या तुम्ही आहात.

बाहेर काऊ भिजतोय, दार वाजवतोय, आत चिऊ एकेक सबब सांगतेय. दार कधी उघडणार हे तुमच्या मुलीला पक्कं ठाऊक आहे, बिचाऱ्या काऊला नाही. एरवी घरात सगळं मोठ्यांनाच आधी कळतं, त्यामुळे ही मजा तिच्यासाठी फार मोठी. शिवाय दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास येते. चिऊला खरंच कामं आहेत की ती काऊला टाळतेय? विचारून बघा, तिच्याकडे उत्तर असेल.

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारखेच पडले, पण तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिले. तेव्हा तीट लावत राहा.

प्रश्न : गोष्टीने पोट भरत नाही, आणि बहुतेक गोष्टी तर खोट्याच असतात. मग शिकार करून जगणाऱ्या माणसाने हा उद्योग कशाला केला असेल? (नाशिक)

आधी एक जुना प्रयोग सांगतो. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवली. तीत एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडझाप होणारी चौकट. हे आकार इकडेतिकडे सरकतात, बाकी काही नाही. 'काय दिसलं ते लिहा' असं ३४ जणांना सांगितलं. एक सोडून बाकी सगळ्यांनी सजीव पात्रं पाहिली होती! मोठा त्रिकोण दांडगट ठरला, वर्तुळ घाबरलेलं ठरलं, कुणाला त्यात प्रेमाचा त्रिकोणही दिसला. हलणाऱ्या वस्तूमागे कुणाचा तरी हेतू शोधायची आपल्याला खोडच आहे. झुडूप हललं तर 'वारा असेल' म्हणून स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा 'कोण आहे?' म्हणणारा जास्त जगला असणार. गोष्टीचं बी इथे आहे, असं मला वाटतं.

आता उपयोगाचं. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेल्या बुशमन लोकांमध्ये पॉली विस्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात गप्पांची टिपणं काढली. दिवसाच्या बोलण्यात कामधंदा, तक्रारी, कुचाळक्या; गोष्टी शंभरात जेमतेम सहा. रात्री शेकोटी पेटली की तेच प्रमाण ८१ वर जायचं. लांबच्या पाड्यावरचे सोयरे, जुनी भांडणं, कोण कुणाच्या मदतीला धावलं. जे लोक समोर नाहीत, त्यांच्याशी नातं टिकवायचं ते असं. अडीअडचणीला त्याच नात्याचा आधार होतो, म्हणजे पोट भरतंच, जरा वळसा घालून.

फिलिपीन्समधल्या आग्ता या शिकार करून जगणाऱ्या लोकांची एक गोष्ट आहे. आभाळ कुणी उजळायचं यावरून सूर्य आणि चंद्र भांडतात. तिथे चंद्र ही बाई आहे. ती तोडीस तोड निघते, म्हणून दिवस एकाचा आणि रात्र दुसरीची, अशी वाटणी होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या वस्त्यांवर चांगले गोष्टी सांगणारे जास्त, तिथले लोक तांदूळ वाटून घेण्याच्या खेळात जास्त उदार. कुणाच्या शेजारी राहायला आवडेल, यातही गोष्ट सांगणाऱ्यांना झुकतं माप. मात्र गोष्टींमुळेच लोक उदार झाले, असं छातीठोक सांगू नये. जिथे माणसं गुण्यागोविंदाने राहतात, तिथे गप्पाही रंगत असतील.

प्रश्न : माझा मित्र सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकतो. शेवट कळल्यावर उरतं काय? (ठाणे)

बरंच. कीर्तनात उत्तररंगातलं आख्यान सगळ्या मंडपाला पाठ असतं, तरी बुवांनी शिवधनुष्याशी आणून थांबवलं की लोक सरसावून बसतात. खुनाच्या रहस्यकथेपुरतं मात्र मित्राला दटावा.

प्रश्न : वडील व्हॉट्सॲपवरच्या कुठल्याही कहाणीवर विश्वास ठेवतात. मी आकडे दाखवतो, तर चिडतात. (कोल्हापूर)

आकडे बाजूला ठेवा. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना आफ्रिकेतल्या दुष्काळाची आकडेवारी दिली, तर काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिकत. मुलीसाठी जवळपास दुप्पट पैसे जमले. हकिकतीला आकडे जोडून दिले, तर मदत वाढण्याऐवजी घटली.

गोष्ट ऐकताना आपण ती जुळते का, एवढंच बघतो. घडली का, ते नंतर. याची फार भयंकर किंमतही मोजावी लागली आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी समाजाचे लोक होते. अफवेत सगळं होतं: लहान मुलं, परके चेहरे, दुष्ट हेतू. चौकशी तेवढी कुणी केली नाही.

म्हणून वडिलांशी वाद घालू नका, श्रोता व्हा. 'अरे बापरे! कुठल्या गावात? मुलाचं नाव काय? मग पोलिसांनी काय केलं?' खऱ्या घटनेला गाव असतं, तारीख असते, नंतरचंही काही घडलेलं असतं. फॉरवर्ड बहुधा दुसऱ्या प्रश्नालाच अडखळतो, आणि ते त्यांचं त्यांना दिसलेलं बरं. मात्र हे घरी, चहा पिताना विचारा. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलंत, तर ते ती कहाणी आणखी दहा जणांना पाठवतील.