आधी डोह, मग मासे

प्रश्न : आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाजवळचा नाला पुढे अनेरला मिळतो. लहानपणी आम्ही त्यात वाम, मरळ, मुऱ्या पकडायचो, डोहात उन्हाळाभर पाणी असायचं. आता होळी झाली की सगळं कोरडं आणि पावसाळ्यातपण मासा दिसत नाही. गावातली पोरं वर्गणी काढून रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायचं म्हणताय. सोडावी का?

उत्तर : भाऊ, पोरांची तळमळ खरी आहे, पण वर्गणीचे पैसे बोटुकलीत घालू नका. रोहू-कटला मोठ्या नदीचे, तलावाचे मासे, तुमच्या नाल्यात होळीलाच मरून जातील. शिवाय विकतच्या पिल्लांत तिलापिया मिसळून आला तर फारच वाईट, हा आफ्रिकेतला मासा 1952 ला आपल्याकडे आणला आणि तो इतका भराभर वाढतो की गावठी माशांना जागाच उरत नाही. थाई मांगूर तर चुकूनही नको, तो दुसरे मासे खातो आणि त्याच्यावर बंदीच आहे.

तुमचे मासे गेले कारण त्यांचं घर गेलं. वाम दिवसा वाळूत घुसून बसते, वाळू उपसली की ती कुठे बसणार? आणि जेसीबीने नाला सरळ खोल केला ना, की डोह जातो आणि काठचे करंज, उंबर, जांभूळ, अर्जुनसादडाही जातात, मग सावली नाही, पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, वरून पडणारे किडे-फळं बंद, आणि उघड्या काठाची माती वाहून येऊन गोट्यांमधल्या फटी बुजवते जिथे मासे अंडी घालतात. मरळ वर येऊन हवा घेते म्हणून गढूळ पाण्यातही तग धरते, पण तीसुद्धा कोरड्यात नाही जगत!

म्हणून आधी वरचं जंगल राखा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या, चैत्राम पवारांनी गावाला सोबत घेऊन कुऱ्हाडबंदी केली, दगडी बांध घातले आणि तिथे पाणी टिकलं (2025 ला त्यांना पद्मश्री मिळाली, मला फार आनंद झाला). तुमचा डोह वनहद्दीत असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांवर सामूहिक हक्क मागता येतो, ग्रामसभेत विषय घ्या.

आणि यंदा एवढं तरी कराच : पहिल्या पुराला चढणीच्या माशांना जाळं लावू नका, ते अंडी घालायलाच अनेरमधून वर येतात. वाटेत सिमेंटचा उंच बंधारा असेल तर खालून दगडांचा उतार रचा, म्हणजे मासा टप्प्याटप्प्याने वर चढेल. पाण्यात लाल पिल्लांचा घोळका दिसला तर खाली मरळ राखण करत असते, तिला धरली की अख्खा घोळका जातो. ब्लीचिंग पावडर टाकून मासेमारी तर एकदम बंद.

होळीच्या सुमारास सगळ्यात शेवटी कुठला डोह आटतो ते पोरांना बघून ठेवायला सांगा, झाडं लावायला सुरुवात त्याच्याच काठापासून करा.