पाच आज्ञावली, की पाच आज्ञा?

ऐरोलीच्या एका शाळेतल्या शिक्षिका विचारतात: 'सहावीच्या मुलांना स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची भाषा, शिकवते. प्रोग्रामला "आज्ञावली" म्हणावे की सरळ "कोड"? सहकारी म्हणतात, शब्द जड आहे, मुले बिचकतील. परवा मुलांनी पडद्यावरच्या मांजराला पाच आज्ञावली दिल्या, तरी ते जागचे हलले नाही आणि सगळा तास त्यातच गेला.'

बाई, तुमच्या प्रश्नाआधी तुमच्या वाक्यातल्या 'पाच आज्ञावली' घेतो. त्या पाच आज्ञा होत्या. ही चूक तुमची एकटीची नाही, ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत मी ती गेली काही वर्षे ऐकतो आहे. क्लासच्या फलकावर 'मुले स्वतः आज्ञावली देतील', पालकांच्या तोंडी 'त्याला वीस आज्ञावली येतात'. वाशीत शिक्षकांच्या एका कार्यशाळेत तर व्याख्याते एकेका आज्ञेला आज्ञावली म्हणत दोन तास बोलले आणि समोरच्यांनी ते तसेच उतरवून घेतले. एका पणतीला आपण दीपावली म्हणत नाही, एका प्रश्नाला प्रश्नावली म्हणत नाही, एकट्या माणसाची वंशावळ होत नाही. मग आज्ञेनेच काय घोडे मारले आहे?

'संगणक' गण् धातूवरून आला हे सर्वांना ठाऊक आहे. 'कोड' लॅटिनमधल्या झाडाच्या बुंध्यापासून लाकडी पाट्यांच्या वहीपर्यंत आणि तिथून कायद्याच्या ग्रंथापर्यंत कसा पोचला, तेही कुठेही वाचायला मिळेल. त्यात वेळ घालवत नाही.

खरी गोडी 'आज्ञा' या शब्दात आहे. त्यात ज्ञा आहे, म्हणजे जाणणे. संस्कृतात 'आज्ञापयति' म्हणजे हुकूम देतो, पण शब्द फोडला तर 'जाणवून देतो, कळू देतो'. याच धातूला 'वि' लागून 'विज्ञापयति' होते. त्याचे प्राकृतात 'विण्णवेइ' झाले आणि आपल्याकडे 'विनवणे'. म्हणजे वरच्याने खालच्याला कळवले की आज्ञा, खालच्याने वरच्याला कळवले की विनवणी. दोन्हीकडे काम एकच, मनातले दुसऱ्याला कळेल असे करणे. आणि 'तुला माझी आण आहे' मधली 'आण'? तीही हीच आज्ञा, प्राकृत 'आणा' होऊन घरात आलेली. 'आणणे' क्रियापदाशी तिचा संबंध नाही, ते 'नी' धातूचे. 'विनंती' मात्र काही जण 'नम्' धातूकडे, वाकण्याकडे नेतात. मला ते मुळीच पटत नाही. नमायला नुसती मान पुरते, विनंती करायला तोंड उघडून सांगावे लागते. आणि 'विण्णत्ति' या प्राकृत रूपातला जोड ण्ण हा ज्ञ चाच वारस आहे, नम् मधून तो यायचा कुठून? जाता जाता, 'तज्ज्ञ' मध्येही हाच ज्ञ आहे, तेव्हा त्यातला ज् गाळू नका.

हे सगळे सहावीच्या वर्गात कशाला, असे वाटेल. रॉय पी या अमेरिकी संशोधकाने १९८६ मध्ये प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. प्राथमिक शाळेतल्या मुलांपासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांपर्यंत त्याच त्या चुका होतात, आणि संगणकाची भाषा बदलली तरी त्या जात नाहीत, असे त्याने दाखवले. त्या सगळ्यांच्या मुळाशी त्याला एकच समजूत दिसली: यंत्राच्या आत कुठेतरी एक मन दडलेले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला आपसूक उमजते. मूल निम्मेच लिहिते, उरलेले त्याच्या डोक्यात असते, आणि यंत्राने ते ओळखावे अशी त्याची अपेक्षा असते. आईला 'ते दे ना' म्हटले की ती बरोबर तेच देते, त्यामुळे सवय जुनी असते. या मुलाला 'कोड लिही' म्हटल्याने काहीच कळत नाही. 'आज्ञा' शब्द फोडून दाखवा: आज्ञा म्हणजे कळवणे, आणि जे कळवले नाही ते समोरच्याला ठाऊक नाही. त्याच्या चुकीवरचा उपाय त्या शब्दातच आहे.

आता 'आवली'. आवली म्हणजे रांग. मराठीतली 'ओळ' हीच, असे माझे ठाम मत आहे, आणि इथे माझे भांडण थेट बाराव्या शतकातल्या हेमचंद्राशी आहे. आपल्या प्राकृत व्याकरणात त्याने 'आली' या शब्दासाठी वेगळे सूत्र केले: रांग असा अर्थ असेल तेव्हा 'आली'तल्या आ चा ओ होतो आणि 'ओली' बनते, मैत्रीण असा अर्थ असेल तर 'आली' तशीच राहते. निरीक्षण चोख आहे, कारण मात्र हुकले. एकाच शब्दातला स्वर अर्थ पाहून बदलेल कशाला? रांग या अर्थाचा दुसरा शब्द 'आवली' शेजारीच उभा आहे आणि त्यात व आहे. 'लवण'चे 'लोण' झाले, 'नवनीत'चे 'लोणी' झाले, तसा 'आवली'तला आ आखूड होऊन व सकट त्याचा ओ झाला. मैत्रिणीच्या 'आली'त व नाहीच, म्हणून तिथे ओ आला नाही. दिवाळीबद्दल मी हटून बसत नाही, ती 'दीपाली'वरूनही सरळ येते. पण 'ओळ' आवलीची आहे. 'ओळख' मात्र या घरातली नव्हे, ती 'उपलक्ष'ची, तिला इथे ओढू नका.

तेव्हा आज्ञावली म्हणजे आज्ञांची ओळ. पीने सांगितलेल्या चुकांमधली एक नेमकी या ओळीची आहे. मुलांना वाटते की लिहिलेल्या सगळ्या आज्ञा एकाच वेळी जाग्या असतात. पहिल्या ओळीत लिहायचे 'गुण दहा झाले तर शाबास म्हण', गुण वाढवायचे दुसऱ्या ओळीत, आणि मग 'शाबास'ची वाट बघत बसायचे. ती ओळ तर केव्हाच होऊन गेली! तुमच्याच मार्गाचे उदाहरण द्या. ठाण्याहून सुटलेली वाशी गाडी दिघा गाव, ऐरोली, रबाळे करत घणसोलीला पोचली, की ऐरोलीच्या फलाटावर आता कोण आले हे बघायला मागे फिरत नाही. मागे बघायला हवे असेल तर तशी आज्ञा लागते, पुन्हा पुन्हा बघण्याची. स्क्रॅचमध्ये दोन वेगळ्या आवल्या एकाच झेंड्यावर, म्हणजे सुरू करायच्या हिरव्या खुणेवर, एकदम सुरू होऊ शकतात, हे खरे. पण म्हणून तर अनेकवचन हवे: एक आज्ञावली, दोन आज्ञावल्या. एकेका आज्ञेलाच आज्ञावली म्हणून बसलात, तर हा फरक कुठल्या शब्दात सांगणार?

'जड शब्द' या तक्रारीला माझ्याकडे फार सहानुभूती नाही. सहावीतले मूल 'लघुतम साधारण विभाज्य' म्हणते. त्याला 'आज्ञावली' जड होईल, हे मोठ्यांनी परस्पर ठरवलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आणायचे म्हटले आहे. म्हणजे हा शब्द आता लाखो मुलांच्या कानावर पडणार किंवा पडायचा राहणार, आणि ते तुमच्यासारख्यांच्या हातात आहे. कोड म्हणू नका असे नाही. बोलताना म्हणा, पुढे त्यांना तो लागेलच. पण पहिल्या दिवशी फळ्यावर 'आज्ञावली' लिहा, मधे उभी रेघ मारून तिचे दोन तुकडे दाखवा.

आणखी एक. इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी एक क्रम वर्गात वापरून पाहिला आणि त्याचे निकाल २०१९ मध्ये मांडले. मुलांच्या हाती आधी दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली द्यायची. ती काय करेल याचा अंदाज त्यांनी बांधायचा, मग ती चालवून बघायची, उकलायची, थोडी बदलायची, आणि शेवटी स्वतःची लिहायची. तशा शिकलेल्या मुलांची कामगिरी नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली. आपण गमभन असेच शिकलो: आधी वाचन, मग लेखन. आपल्याकडच्या बहुतेक क्लासात मात्र पहिल्याच दिवशी 'गेम बनवा' असते. तुम्ही निदान आठवडाभर मुलांना ओळी नुसत्या वाचू द्या. संगणक मोजके असतील तर मैदानावर न्या, कवायत त्यांना येतेच. एकाने आज्ञा द्यायच्या, रांगेने तेवढेच करायचे. 'पुढे चल' म्हणून 'थांब' म्हणायला विसरला, तर रांग भिंतीपर्यंत जाईल, आणि रांगेला भिंत दिसत होती ही सबब चालणार नाही.

तुमच्या मांजराचे राहिलेच. मुलांनी पाच आज्ञा दिल्या असे तुम्ही लिहिता. पुढच्या तासाला पडद्यावर बघा, ते पाच ठोकळे एकमेकांना आणि वरच्या हिरव्या झेंड्याच्या ठोकळ्याला चिकटले आहेत का. सुटे पडलेले ठोकळे झेंडा कितीही दाबला तरी चालत नाहीत. मला तरी वाटते की आज्ञा पाचही बरोबर असतील, आवली तेवढी झाली नसेल.