सुगी झाली, खळं मोकळं आहे : एका रात्रीच्या वस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

हे प्रश्न फेब्रुवारी 2021 सरत आला तेव्हाचे, बेळगावच्या आसपासच्या वाचकांचे. कोरोनाच्या टाळेबंदीला महिन्याभरात वर्ष होणार होतं आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर पुन्हा गाड्या अडवायला सुरुवात झाली होती. मी शाळेत स्काऊटची पोरं सांभाळली, त्यामुळे ‘सर, तंबू कुठे टाकू?’ असं विचारणाऱ्यांची त्या वर्षी रांग लागली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही बेळगावच्या शहापुरात राहतो. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची. दर मे महिन्यात गोव्याला जायचो, गेल्या वर्षी कुठेच नाही. उघड्यावर आमच्यात कुणीच कधी झोपलेलं नाही. सुरुवात कुठून करायची?

गच्चीवरून. येत्या शनिवारी जे अंथरूण-पांघरूण शेतात नेणार तेच गच्चीवर न्या, तीच बॅटरी, तोच पाण्याचा कॅन. मुलगी रात्री दोनला ‘घरी जाऊया’ म्हणाली तर घर एक जिना खाली आहे. काय विसरलं ते त्या रात्री कळतं. बहुतेकांची उशी आणि कानटोपी विसरते. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, दिवसा ऊन चटकत असलं तरी पहाटे अजून हुडहुडी भरते.

मग शेत. बेळगावच्या भोवती, येळ्ळूर घ्या, उचगाव घ्या, कडोली घ्या, भाताची मळणी कधीच उरकली आहे. तुमचं कुणीतरी तिथे असणारच. मावशीचा दीर नाहीतर दूध घालणारे मामा. त्यांना ‘कॅम्पिंग करायचं आहे’ म्हणू नका, पैसे किती द्यायचे असा त्यांना उगाच संकोच होईल. ‘पोरांना घेऊन एक रात्र वस्तीला येतो’ म्हणा. हो तर म्हणतीलच, वर जेवायला थांबा म्हणून गळ घालतील.

जागा मात्र बघून घ्या. कापलेल्या भाताच्या वाफ्यात झोपायचा विचार सोडा. धसकटं वाळून खिळ्यासारखी झालेली असतात, तंबूचा तळ एका रात्रीत फाडतात. शिवाय खोलगट रानात पहाटेची थंड हवा साचते आणि दव भरपूर पडतं. मागून मसूर-वाटाणा पेरलेला असेल तर तिथे पायच ठेवू नका. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे खळं, मळणीची जागा. चोपून शेणानं सारवलेलं, सपाट, बहुधा जरा उंचावर. पाणी मारून जमीन सपाट करायचा आपला सगळा खटाटोप शेतकऱ्यानं आधीच करून ठेवलेला असतो. फक्त पिंजराच्या व्हळीपासून, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या गंजीपासून, वीसेक पावलं लांब राहा. तिथे उंदीर असतात, आणि उंदरांच्या मागावर येणारे असतात.

तंबू विकत घ्यावा का? चार माणसांचा म्हणून ऑनलाईन बरेच दिसतात. (वडगाव)

एका रात्रीसाठी नको. चार माणसांचा म्हणून मिळतो त्यात चौघं एका कुशीवर, चिकटून मावतात, दप्तरं बाहेर. दोन मोठी, दोन लहान असतील तर जमेल.

घेतलाच तर एक चूक करू नका, ती मी केली आहे. पहिल्यांदा पोरांना कणकुंबीकडे नेलं तेव्हा थंडी म्हणून मी तंबूच्या सगळ्या चेन गच्च लावल्या, वरची जाळीसुद्धा कापडानं झाकली. पहाटे छतातून टपटप सुरू झालं. पाऊस आला म्हणून मी धडपडत बाहेर पडलो तर वर चांदणं टिपूर. आत सहा पोरांचा श्वास थंड कापडावर जाऊन पाणी झाला होता, तोच अंगावर गळत होता. वरची जाळी उघडी हवीच. ऊब तंबूतून येत नाही, ती अंथरुणातून येते, आणि थंडी जमिनीतून वर येते. म्हणून अंगावर तीन पांघरुणं घेण्यापेक्षा खाली दोन घाला.

माझी स्वतःची पसंती अशी: खाली ताडपत्री, तिच्यावर चार बोटं पिंजर, वर जाड चादर, अंगावर घोंगडं. पिंजर आणताना उन्हात झटकून घ्या, आणि अंगाला लागू देऊ नका, रात्रभर खाजवत बसाल. घोंगडं दवानं भिजलं तरी ऊब देतं, त्याबाबत कुठल्याही महागड्या झोपपिशवीला त्याच्यापुढे मी नंबर देणार नाही.

खानापूरहून विचारते. मिस्टरांना भीमगडच्या जंगलात, नदीकाठी तंबू टाकायचा आहे. ‘आपलाच तालुका, कोण विचारतंय’ म्हणतात.

वहिनी, विचारणारे आहेत. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत मुक्काम हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवू. त्या रानात अस्वलं आहेत, आणि अस्वल वाघासारखं माणसाला बघून बाजूला होत नाही. अचानक समोर आलं तर अंगावर येतं. गवे रात्री पाण्यावर येतात, म्हणजे मिस्टरांनी निवडलेल्या नेमक्या त्याच काठावर.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात नसते. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, अलीकडच्या वर्षांत शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आढळला. पसरतो गोचिडीतून, आणि गोचीड असते वाळल्या पाचोळ्यात, जिथे पोरं आधी बसतात. मुलांना घेऊन या हंगामात जंगलात वस्ती नको. मलप्रभा बघायची तर दिवसा कणकुंबीला उगमापाशी जा, डबा खा, पाचोळ्यावर न बसता चादर अंथरा, घरी आल्यावर मुलांच्या काखा, मान, कानामागे बघा, आणि रात्री आपल्या शिवारात झोपा. मिस्टरांना म्हणावं, शिवारातल्या खळ्यावर सुद्धा कोल्हेकुई ऐकू येते.

आम्ही निपाणीचे, चुलतभाऊ सीमेपलीकडे कागलला. दोन्ही कुटुंबांनी आमच्या शेतात एकत्र राहायचं ठरवलं होतं. येऊ देतील का?

2021 च्या त्या नियमानं महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला 72 तासांच्या आतला कोरोनाचा आरटीपीसीआर अहवाल लागायचा, आणि कोगनोळीच्या नाक्यावर तो बघायचे. इकडे बाची-शिनोळीच्या नाक्यावरही तेच. हाकेच्या अंतरावरच्या भावाला अहवाल काढून यायला लावणं जिवावर यायचं खरं, पण मी सांगितलं, आडवाटेनं आणू नका. एका रात्रीच्या वस्तीसाठी पोरांच्या देखत पोलिसांशी हुज्जत नको. त्यांनी त्यांच्या रानात झोपावं, तुम्ही तुमच्या, दोन्हीकडे भाकरी-पिठलं करावं आणि फोनवर कुणाची भाकरी करपली ते सांगावं. यायचंच ठरलं तर तंबू वेगळे, आणि सगळ्यांनी एकाच तंबूत गप्पा मारत बसू नये. बाहेर बसा, त्याचसाठी तर आलोय.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांना यायचं आहे, पण रात्री संडासचं काय? मलाही तीच काळजी आहे, पण घरात कुणी बोलत नाही. (अनगोळ)

बरं झालं विचारलंत. बायका शेतात मुक्कामाला ‘नको’ म्हणतात त्याचं हेच कारण असतं आणि पुरुषमंडळींना वाटतं त्या अंधाराला घाबरतात.

पहिला पर्याय, शेतघर असलेलं शेत निवडा. संडास असलेल्या घरापासून पन्नास पावलांवर तंबू टाकला तर मजा कमी होत नाही. तसं नसेल तर उजेड असतानाच, विहीर आणि ओढ्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा काढा, खोऱ्यानं. काढलेली माती बाजूला ठेवा, प्रत्येकानं नंतर मूठभर टाकायची. भोवती चार काठ्या आणि जुनी साडी. सासूबाईंना उकिडवं बसता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीचं मधलं कापून घेतात तशी खुर्ची न्या, औषधाच्या दुकानातली कमोडखुर्ची तर आणखी बरी. वाटेवर तंबूपासून खड्ड्यापर्यंत दोन कंदील किंवा सोलरचे दिवे ठेवा. सॅनिटरी पॅड पुरू नका, कुत्री उकरतात. कागदात गुंडाळून परत घरी. सकाळी निघताना खड्डा माती चोपून बुजवा आणि मालकाला दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील.

साप-विंचू आणि शेकोटी, दोन्हीबद्दल सांगा. (एकापेक्षा जास्त जणांनी विचारलं.)

साप चावतो तो बहुतेक आपण न बघता पाय ठेवतो म्हणून. अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊलही नाही. बूट-चपला तंबूच्या आत, घालायच्या आधी उलट्या करून आपटा. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि कधी कधी चावल्याचं कळतही नाही, म्हणून खाली उघड्यावर झोपायचं तर मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचा. चावलंच तर 108 ला फोन, चावलेला भाग न हलवता थेट मोठ्या दवाखान्यात. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक, काही नाही.

शेकोटी खळ्याच्या कडेला, वाऱ्यानं ठिणग्या व्हळीकडे उडणार नाहीत अशी, मालकाला विचारून. झोपताना पाणी ओतून हात लावून बघा, राख गार लागली पाहिजे. शेगडी किंवा निखारे ऊब म्हणून तंबूत कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

मी सातवीत आहे. शेतात नेट नाही म्हणे. मग रात्री करायचं काय?

बाळा, 6 मार्च 2021 चा शनिवार धर. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल, तोपर्यंत आकाश काळंभोर. आठच्या सुमाराला डोक्यावर तिकांडं दिसेल, एका ओळीत तीन तारे. तोच मृगाचा पट्टा. त्या ओळीच्या एका टोकानं पुढे गेलास तर व्याध, सगळ्यात तेजस्वी. दुसऱ्या टोकानं गेलास तर तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. डोळ्यांनी किती कृत्तिका मोजता येतात ते सांग मला. 13 मार्चचा शनिवार त्याहून काळोखाचा, पण त्या दिवशी अमावस्या आहे. आजी अमावस्येला शेतात झोपू देणार नाही, तेव्हा तिला विचारायच्या भानगडीत पडू नकोस. त्यापेक्षा 6 तारखेला तिलाच सोबत घे आणि तिच्या लहानपणी रानात राखणीला कोण झोपायचं ते विचार.