पोर्ट गढूळ दिसली म्हणून ओतून देऊ नका

भाऊ, मुंबईहून आलेली तुमची पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) गढूळ दिसली, तरी बाटली खराब नाही. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, पोर्तुगालात साधारण 2 वर्षांनी न गाळताच बाटलीत भरतात. पुढं वर्षानुवर्षं रंग आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) एकमेकांना चिकटून तळाशी गाळ बसतो. मुंबईहून लातूरपर्यंत ट्रॅव्हल्सच्या डिकीत हिंदकळल्यावर तो वर येणारच. आल्या आल्या उघडायची घाई कशाला? एक दिवस, जमलं तर दोन, उभी ठेवा, तीही थंड जागी. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर तर नकोच. मग बाटली न हलवता, एका दमात, हळूहळू जगमध्ये ओता. मानेमागं मोबाईलचा टॉर्च धरा. काळी रेघ मानेशी आली की थांबायचं, उरलेल्या घोटाचा मोह नको. टॉनी (पोर्टचाच दुसरा प्रकार) मात्र लाकडी पिंपात मुरते, बहुतेक गाळलेलीच असते. ती गढूळ निघाली तर दुकानदाराला गाठा.