ग्राइंडरच्या ब्रशच्या तारा उडतात

प्रश्न : काका, घरच्या चार इंची ग्राइंडरवर गोल वायर ब्रश लावून नांगराचे फाळ आणि रोटावेटरची पाती साफ करतो. गंज निघतो, पण तारा उडतात. परवा एक तार पँटमधून मांडीत रुतली. ब्रश हलका निघाला की माझंच काही चुकतंय? घरचा पितळी बंबही याच ब्रशने घासावा म्हणतो.
– एक शेतकरी वाचक, वाळवा तालुका

उत्तर : मांडीवर निभावलं, हे नशीब समजा. आधी तो ब्रश काढा आणि त्यावर छापलेला आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे झेपतात त्याचा, आकडा वाचा. ४,५०० किंवा ६,००० असेल तर तो बेंच ग्राइंडरचा किंवा ड्रिलचा ब्रश आहे. बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २,८०० फेरे घेतो, तुमचा चार इंची ११,०००च्या आसपास. तेवढ्या वेगात त्या तारा मुळापासून तुटणारच. ब्रशवरचा आकडा मशीनवरच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठाच हवा. आकडाच नसलेला ब्रश दुकानदाराला परत करा.

आकडा बरोबर असेल, तर मग हात तपासा. तारेचं टोक गंज काढतं. ग्राइंडर दाबला की तार वाकते, टोकाऐवजी तिची कड घासते, लोखंड नुसतं तापतं आणि तार वाकून वाकून मोडते. मशीनचं वजन पडेल तेवढंच पुरे. गंज निघत नसेल तर जोर लावू नका, ब्रश बदला. फाळाच्या जाड खपलीला तारांची जुडगी पीळ घालून बांधलेला ब्रश लागतो. पातळ पत्र्यावरच्या रंगाला सुट्या, नागमोडी तारांचा बरा. स्टेनलेसच्या भागाला स्टेनलेसच्याच तारा वापरा. साध्या पोलादाचे कण त्यावर राहतात आणि तिथेच गंज धरतो.

उद्यमनगरात फिटर होतो तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या पोराच्या डोळ्यात तार गेली. गॉगल होता, पण कपाळावर. डोळा वाचला, नजर पहिल्यासारखी झाली नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही घाला. गार्ड काढू नका. नवा ब्रश लावला की बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामा फिरवा. सैल तारा तेव्हाच सुटतात. भागाला ग्रीस असेल तर आधी डिझेलने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश लावू नका, ठिणगी पडते. बेअरिंग आणि इंजिनच्या हेडची गॅस्केट बसते ती जागा यांना हा ब्रश अजिबात लावायचा नाही.

आणि बंबाला तर मुळीच नको. पितळ मऊ असतं, पोलादी तारेचे ओरखडे पुन्हा जात नाहीत. चिंच-मीठ लावून हाताने घासा. कोपऱ्यात हिरवं धरलं असेल तिथे पितळी तारांचा हातब्रश हलकेच फिरवा.