स्फोट सोड, वाटेतला वायू बघ

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रकल्पाचा आराखडा वाचला. बहुतेक पानं गॅमा किरण स्फोटावरच, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक, प्रखर झोतावरच खर्ची पडली आहेत. स्फोटाची भुरळ पडते, कबूल. पण तुला अभ्यासायच्यात त्या दूरच्या, तारे घडवणाऱ्या दीर्घिका. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम सुरू झालं की एरवी अंधारात न दिसणारा धूर उजळून निघतो ना? आपला विषय तो धूर, म्हणजे त्या दीर्घिकांतला वायू.

दोन सेकंदांहून जास्त टिकणारे स्फोट बहुतेक वेळा प्रचंड वस्तुमानाचा तारा कोसळताना होतात. असे तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात. जन्मस्थानापासून लांब जायला त्यांना सवडच नसते. म्हणजे स्फोट जिथे, तिथे ताऱ्यांचा जन्म नुकताच झालेला. स्फोटानंतर मागे उरणारा, हळूहळू विझणारा प्रकाश म्हणजे आफ्टरग्लो; तो 1997 मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे पहिल्यांदा सापडला. त्याचा स्वतःचा वर्णपट अगदी साधा, रेषाविरहित असतो. त्यामुळे त्यात दिसणाऱ्या शोषणरेषा (वायूने ठरावीक रंगांचा प्रकाश गिळल्याने पडणाऱ्या काळ्या रेषा) वाटेतल्या वायूच्या, हे निःशंकपणे म्हणता येतं.

इथे रेंगाळ, घाई करू नकोस. लायमन-अल्फा या हायड्रोजनच्या अतिनील शोषणरेषेची रुंदी वायू किती आहे ते सांगते. जस्त धुळीत फारसं अडकत नाही, लोखंड मात्र अडकतं. म्हणून दोघांचं प्रमाण ताडून पाहिलं की धुळीचा अंदाज येतो. मला सगळ्यात आवडतं ते जीआरबी 060418 या गॅमा किरण स्फोटावरचं काम. स्फोटाच्या अतिनील प्रकाशाने लोखंड आणि निकेलचे अणू उत्तेजित झाले, त्यांच्या रेषांची तीव्रता थोड्याच वेळात बदलत गेली, आणि त्या बदलावरून तो वायू स्फोटापासून सुमारे 5,500 प्रकाशवर्षं दूर असल्याचं निघालं. दुर्बिणीतून जी दीर्घिका धड दिसतही नाही, तिच्या पोटातलं अंतर!

क्वेसारही, म्हणजे दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रंही, असा प्रकाश देतात, पण ते विझत नाहीत. स्वतःच्याच दीर्घिकेला झाकून टाकतात. आफ्टरग्लो विझतो आणि मग दीर्घिका मोकळेपणाने न्याहाळता येते. मात्र विझतोही भराभर: तासाभरानंतर दिसलेला प्रकाश दिवसभरात ढोबळमानाने वीस-पंचवीस पट मंदावतो.

आराखड्यातलं एक वाक्य मात्र खोड. ‘या दीर्घिका त्या काळाच्या प्रातिनिधिक आहेत’ असं सरसकट लिहू नकोस. हे स्फोट जड मूलद्रव्यं कमी असलेल्या, लहान दीर्घिकांत जास्त होतात. शिवाय धुळीने भरलेल्या दीर्घिकांतले आफ्टरग्लो दृश्य प्रकाशात बरेचदा सापडतच नाहीत. परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतील, आणि विचारायलाच हवा.

आता काम. जीआरबी 090423 ची रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली, त्याचं माप) 8.2 च्या आसपास. विश्व तेव्हा 63 कोटी वर्षांचं होतं. लायमन-अल्फाची तरंगलांबी 121.6 नॅनोमीटर. तिला 9.2 ने (8.2 मध्ये 1 मिळवून) गुण, उत्तर 1,119 नॅनोमीटरच्या आसपास येईल, म्हणजे अवरक्तात. नुसत्या दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याला तिथे काहीच का दिसणार नाही, हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिही. मग युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या खुल्या संग्रहातून एक्स-शूटर या वर्णपटमापकाने घेतलेला आफ्टरग्लोचा एखादा वर्णपट उतरवून घे. त्यासाठी पुण्याला धावायची गरज नाही, घरचं इंटरनेट पुरतं. जस्ताची रेषा सहसा अशक्त असते. पहिल्या फटक्यात सापडली नाही तर आलेख तसाच मला पाठव.

तुझे,
सर