कोकणात कारखान्यांना सवलती मिळतात, मग पोरांना मुंबईच का गाठावी लागते?

कारण सवलत मिळते ती कारखान्याला, गावाला नाही. राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात परतावा, वीज शुल्कात माफी वगैरे मिळतं. त्यासाठी ८० टक्के कामगार स्थानिक हवेत, पण तिथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. खेडमधल्या कारखान्यात लातूरचा मुलगाही स्थानिकच!

शिवाय लोटे, महाड, रोहा इथे भर रसायनांवर. असे कारखाने गुंतवणूक मोठी दाखवतात, माणसं त्या मानाने कमी लागतात. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत रायगडातलं दिघीही आहे, पण आधी रस्ते, पाणी, मग कारखाने. आज पास झालेल्या पोराला त्याचा काय उपयोग?

माझं मत विचाराल तर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, म्हणजे स्वतःच्या छोट्या उद्योगासाठी कर्ज आणि अनुदान देणाऱ्या राज्याच्या योजनेचा, ऑनलाइन अर्ज भरा. ग्रामीण भागात २५ टक्के, महिला आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान आहे. काजू प्रक्रिया, आंब्याचा पल्प, कोकम आगळ, काहीही चालेल. खरी रखडपट्टी बँकेत कर्ज मंजूर होताना होते, आणि सातबाऱ्यावर दहा चुलत्यांची नावं असतील तर ती आधी निस्तरा.